आर्णी ते नागपूर: विजेच्या एसयूव्हीचा छापील पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला (प्रकल्प नोंदी)

१५ डिसेंबर २०२४

आमच्या गावातील शेतकरी गटाने सामाईक वापरासाठी विजेवर चालणारी एसयूव्ही घ्यावी की नाही, हा विषय दिवाळीपासून प्रत्येक बैठकीत निघतो आहे. बाजारहाट आणि कृषी केंद्राच्या फेऱ्या हा गाडीचा किरकोळ उपयोग असेल. खरा उपयोग रुग्णांना नागपूरला नेऊन त्याच दिवशी परत आणण्याचा आहे. आर्णी तालुक्यातील आमच्या गावापासून यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी या मार्गाने नागपूर सुमारे १९० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३८० किलोमीटर पडते. गटासमोर आलेल्या माहितीपत्रकांत एका चार्जिंगमध्ये पावणेपाचशे किलोमीटर आणि त्याहून अधिक पल्ला छापलेला आहे, त्यामुळे काही सभासदांची खात्री झाली आहे की गाडी रात्री घरी चार्ज केली की नागपूर करून परत येईल आणि वर शंभर किलोमीटर शिल्लक राहतील. ही वजाबाकी खरी असेल तर निर्णय सोपा आहे, आणि खरी नसेल तर एखाद्या रात्री रुग्णासह गाडी कळंब आणि यवतमाळच्या मध्ये उभी राहू शकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी प्रत्यक्ष मोजणी करावी, असे बैठकीत ठरले. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले आणि मी ते आनंदाने स्वीकारले.

गावातील एका कापूस व्यापाऱ्यांनी गेल्या वर्षी अशी गाडी घेतली आहे. मध्यम आकाराची एसयूव्ही, सुमारे ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी, प्रमाणित पल्ला पावणेपाचशेच्या पुढे. गाडी आणि स्वतःचा वेळ दोन्ही देण्याची तयारी त्यांनी दाखवली. गाडी तेच चालवतील आणि नोंदी बारावी विज्ञानाचे विद्यार्थी ठेवतील. यापुढील नोंदींत मी त्यांना भाऊ असेच लिहीन, कारण सारे गाव त्यांना तसेच म्हणते.

२२ डिसेंबर २०२४

मोजणीला लागण्यापूर्वी छापील आकडा कसा निघतो, हे विद्यार्थ्यांना समजणे आवश्यक होते, म्हणून आजचा दिवस त्यासाठी दिला.

आपल्या देशात प्रमाणपत्रासाठीची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थांत होते. गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके डायनॅमोमीटरच्या रुळांवर फिरतात आणि हवेचा व रस्त्याचा विरोध यंत्राने लावला जातो. वेग कधी किती ठेवायचा याचे वेळापत्रक ठरलेले असते, त्याला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणजे एमआयडीसी म्हणतात. त्याचा पहिला भाग शहरी वाहतुकीचा असून त्यात वेग ५० किलोमीटरच्या वर जात नाही आणि सरासरी ताशी १९ किलोमीटरच्या आसपास राहते. दुसऱ्या भागात वेग जास्तीत जास्त ९० पर्यंत जातो, तोही थोडा वेळ. सुमारे ११ किलोमीटरचे हे संपूर्ण आवर्तन वीस मिनिटांच्या आत पूर्ण होते, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटर येतो, एसी बंद असतो आणि खोलीचे तापमान वीस ते तीस अंशांच्या दरम्यान राखलेले असते. युरोपातील डब्ल्यूएलटीपी चाचणी याहून कठीण आहे: अर्ध्या तासात २३ किलोमीटर, सरासरी ४६, आणि सर्वोच्च वेग १३१. अमेरिकेत प्रयोगशाळेत मिळालेल्या पल्ल्याला साधारणतः ०.७ ने गुणून मगच तो ग्राहकासमोर ठेवतात.

चाचणी बदलली की त्याच गाडीचा आकडा किती बदलतो, याची उदाहरणे फळ्यावर लिहिली. बीवायडी अॅटो ३ या ६०.४८ किलोवॅट-तासांच्या गाडीचा भारतातील प्रमाणित पल्ला ५२१ किलोमीटर, तर डब्ल्यूएलटीपीनुसार ४२०. महिंद्रा बीई ६ च्या ७९ किलोवॅट-तासांच्या आवृत्तीचा भारतीय आकडा ६८२, डब्ल्यूएलटीपीचा ५५०. २०१९ मध्ये आलेल्या ३९.२ किलोवॅट-तासांच्या ह्युंदाई कोनाचा येथील आकडा ४५२ होता, आणि तेवढ्याच बॅटरीच्या कोनाला युरोपात तीनशे किलोमीटरच्या आसपास पल्ला दिला जात होता. टाटा कर्व्ह ईव्हीच्या ५५ किलोवॅट-तासांच्या आवृत्तीचा पल्ला केवळ शहरी भागाच्या चाचणीवर ५८५ होता, दोन्ही भाग धरल्यावर तो ५०२ झाला. टाटाने तर प्रमाणित पल्ल्याच्या जोडीने सी-७५ हा दुसरा आकडा छापायला सुरुवात केली, म्हणजे ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळावा असा पल्ला. नेक्सॉन ईव्ही ४५ साठी प्रमाणित ४८९ आणि सी-७५ नुसार ३५० ते ३७०. ग्राहकाला दोन्ही आकडे एकाच कागदावर मिळणे ही मला अत्यंत स्वागतार्ह गोष्ट वाटते, आणि प्रत्येक उत्पादकावर तशी सक्ती असावी असे माझे मत आहे.

एका विद्यार्थिनीने विचारले की मग छापील आकडा खोटा म्हणायचा का. तो खोटा नाही. ठरलेल्या अटींवर मोजलेला तो खरा आकडा आहे, आणि एकाच चाचणीतून गेलेल्या दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगीही पडतो. आपल्या रस्त्याच्या, आपल्या वेगाच्या आणि आपल्या उन्हाच्या अटी त्या चाचणीत नाहीत, एवढेच. त्या अटींचा आकडा आपणच काढायचा आहे.

मोजमापासाठी एकक ठरवले: एका किलोमीटरला किती वॅट-तास खर्च होतात. १००० वॅट-तास म्हणजे वीजबिलातील एक युनिट, हे घराघरात ठाऊक असल्याने गटाला समजावणे सोपे जाईल. ४५ किलोवॅट-तासांत पावणेपाचशे किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सुमारे ९५ वॅट-तास. आमच्या प्रत्येक नोंदीची तुलना या आकड्याशी होईल. बॅटरीपैकी प्रत्यक्ष वापरता येणारा भाग आम्ही ४३ किलोवॅट-तास धरत आहोत.

५ जानेवारी २०२५

पहिल्या फेऱ्या गाव, आर्णी आणि आसपासच्या खेड्यांच्या रस्त्यांवर झाल्या. सकाळची थंडी होती, एसीची गरज नव्हती, गाडीत तिघे बसलेले. कापूस वेचणीचे दिवस असल्याने रस्त्यावर बैलबंड्या आणि ट्रॅक्टर होते. शिवाय काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यानंतर जागोजागी खचून लाटांसारखा झालेला असतो, त्यामुळे ताशी ४० च्या वर सलग वेग ठेवता आला नाही.

खर्च किलोमीटरला ९५ ते १०० वॅट-तास आला. पूर्ण बॅटरीवर हिशेब केला तर पल्ला ४३० ते ४५० किलोमीटर होतो, म्हणजे छापील आकड्याच्या अगदी जवळ. भाऊंना फार आनंद झाला, आणि मलाही या निकालाचे महत्त्व मोठे वाटते: प्रमाणपत्रात लिहिलेला पल्ला आमच्याच तालुक्यात, आमच्याच खडबडीत रस्त्यावर मिळू शकतो, मात्र मंद वेग, थंड हवा आणि बंद एसी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर. आज त्या एकत्र आल्या, म्हणूनच आजची परिस्थिती प्रयोगशाळेतल्या परिस्थितीशी जुळणारी होती.

विद्यार्थ्यांना एक ताकीद दिली. गाडीच्या पडद्यावर दिसणारे ‘उरलेले किलोमीटर’ वहीत लिहायचे नाहीत. तो आकडा गाडी नुकत्याच झालेल्या प्रवासावरून काढते. आठवडाभर गावात हळू फिरलेली गाडी महामार्गाला लागताना चारशेच्या वर दाखवते, आणि तेवढ्यावर भरवसा ठेवून निघालेला माणूस अडकतो. वहीत बॅटरीची टक्केवारी, ओडोमीटरचा आकडा, वेळ, तापमान आणि वेग एवढेच लिहायचे.

१९ जानेवारी २०२५

आज यवतमाळहून वर्ध्यापर्यंत आणि परत, राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर. वेग ८० वर स्थिर ठेवला. दोन्ही दिशांची सरासरी किलोमीटरला १३० वॅट-तास, म्हणजे पूर्ण बॅटरीवर ३३० किलोमीटर.

जाताना आणि येताना खर्च वेगळा आला, याचे कारण यवतमाळ पठारावर वसलेले आहे आणि वर्धा त्याच्यापेक्षा दीडशे ते दोनशे मीटर खाली आहे. माणसांसह १९०० किलोची गाडी २०० मीटर वर चढवायला सुमारे १ युनिट लागते. नागपूरहून परतताना हा चढ शेवटी येतो, म्हणजे बॅटरी सर्वांत कमी असते तेव्हा. हिशेबात ही गोष्ट विसरता कामा नये.

२ फेब्रुवारी २०२५

समृद्धी महामार्गावर वेगाची मोजणी केली. सपाट, सलग, काँक्रीटचा रस्ता आणि अडथळा नाही, त्यामुळे एकाच रस्त्यावर वेग तेवढा बदलून पाहण्यासाठी याहून चांगली जागा विदर्भात नाही. मोटारींना येथे सपाट भागात १२० ची मर्यादा आहे. प्रत्येक वेग जाता-येता दोन्ही दिशांनी धरला, एसी बंद ठेवला.

८० ला पुन्हा १३० च्या आसपास, १०० ला १६५ ते १७०, आणि १२० ला २१५. पल्ल्याच्या भाषेत ३३०, २५५ आणि २००. परतताना टोलनाक्यावर थांबलो तेव्हा भाऊंनी विचारले, “सर, कंपनी साडेचारशेच्या वर सांगते, मंग हे दोनशेतच कावून हाफते?” त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच वहीच्या मागच्या पानावर मांडले आणि येथे पुन्हा लिहितो, कारण संपूर्ण प्रकल्पाचा गाभा त्यात आहे.

गाडीला मुख्यतः दोन विरोध सोसावे लागतात. एक टायर आणि रस्ता यांच्यातला, तो वेगाने फारसा बदलत नाही. आमच्या गाडीला तो किलोमीटरला साधारण ५० वॅट-तास खातो. दुसरा हवेचा, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एसयूव्ही उंच आणि रुंद असल्याने तिचा समोरचा पृष्ठभाग मोठा असतो. आमच्या गाडीसाठी अंदाजे किमती घालून गणित केले तर हवेपोटी ४० च्या वेगाला किलोमीटरमागे १५ वॅट-तास, ८० ला ६०, १०० ला ९४ आणि १२० ला १३६ लागतात. मोटर, गिअर आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये जाणारी वीज त्यावर मिळवली की वहीतले आकडे जवळजवळ जुळतात. डिझेलच्या गाडीतही हवा एवढाच विरोध करते, पण तेथे इंधनातली बहुतांश ऊर्जा उष्णता होऊन आधीच वाया गेलेली असते आणि मंद वेगात इंजिन आणखी अकार्यक्षम चालते, म्हणून वेगाचा फरक चालकाला इतका उघड जाणवत नाही. विजेच्या गाडीत वाया जाणारा भाग थोडा असल्याने प्रत्येक जास्तीचा खर्च स्पष्ट दिसतो.

प्रमाणपत्राच्या चाचणीतील सरासरी वेग ३२ आणि सर्वोच्च ९०, ही गोष्ट या गणिताशेजारी ठेवली की पावणेपाचशे आणि दोनशे यांतले अंतर समजते. भाऊ बराच वेळ तो कागद पाहत होते. घरी येताना त्यांनी वेग ८५ च्या वर जाऊ दिला नाही.

२३ फेब्रुवारी २०२५

भाराची मोजणी. गटातील सर्वांना सर्वांत मोठी धास्ती याचीच होती, पण निकाल उलट निघाला. पाच माणसे आणि सामान मिळून जवळपास ३०० किलो वाढवूनही सपाट रस्त्यावर किलोमीटरला आठ ते दहा वॅट-तासच वाढले. याउलट टपावर कॅरिअर लावून त्यावर पोती बांधली तेव्हा ९० च्या वेगाला वीसहून अधिक वॅट-तास वाढले, कारण तो हवेचा विरोध आहे. सामान आत ठेवावे, टपावर नको, असा नियम गाडी घेतली तर लावावा लागेल.

१६ मार्च २०२५

आतापर्यंत बॅटरीतून किती वीज खर्च झाली एवढेच मोजत होतो. मीटरमधून किती आली, हा वेगळा प्रश्न आहे आणि बिल त्याच्यावर येते. भाऊंच्या गोठ्याशेजारील १५ अँपिअरच्या सॉकेटवर वेगळा मीटर बसवून चार्जिंग मोजले.

बॅटरीत ४३ युनिट भरण्यासाठी मीटरवर ४९ ते ५० युनिट फिरतात. मीटरमधून येणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचे बॅटरीला लागणाऱ्या एकदिश (डीसी) विजेत रूपांतर करताना आणि तारांमध्ये काही वीज उष्णता होते, आणि चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतील पंप, संगणक व नियंत्रक जागे राहून थोडी वीज घेत राहतात. चार्जिंग जितके लांबते तितका हा दुसरा वाटा वाढतो. आमच्याकडे संध्याकाळी दाब २३० व्होल्टवरून १८५ पर्यंत उतरतो, तेव्हा त्याच सॉकेटमधून ३.३ ऐवजी जेमतेम २.७ किलोवॅट मिळतात आणि रात्रभर लावूनही गाडी पहाटे पूर्ण भरलेली नसते. रात्री अकरानंतर लावली तर दाब बरा असतो, पण सकाळी सहाला निघायचे असेल तर तेवढे तास पुरत नाहीत. ३२ अँपिअरचा, ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायचा तर आधी मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, आणि गावच्या ट्रान्सफॉर्मरला ते झेपते का, हे विचारावे लागेल.

घरगुती वीजदर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. महिन्यात पूर्ण चार्जिंग पाच-सहा वेळा झाले तरी सामान्य घर ३०० ची मर्यादा ओलांडते, म्हणून गटाच्या गाडीसाठी कोणा एकाच्या घरचा मीटर वापरणे अन्यायाचे होईल. वेगळी जोडणीच हवी.

११ मे २०२५

ज्या नोंदीची मी सर्वाधिक वाट पाहत होतो ती उन्हाळ्याची नोंद आता पूर्ण झाली आहे. पारा ४४ च्या वर आहे. अशा दिवसांत एसी बंद ठेवून मोजणी करणे निरर्थक तर आहेच, पण विद्यार्थ्यांच्या जिवाशी खेळ होईल, म्हणून सर्व फेऱ्या एसी चालू ठेवूनच केल्या.

महामार्गावर ९० च्या वेगाला खर्च किलोमीटरला १७० च्या आसपास आला. एसी बंद ठेवून याच वेगाला तो दीडशेच्या आत येतो, म्हणजे वाढ साधारण वीस वॅट-तासांची. मी याहून मोठ्या वाढीची अपेक्षा केली होती. खरा फटका गावच्या रस्त्यावर बसला. जानेवारीत जेथे ९५ ते १०० लागत होते, त्याच रस्त्यावर, त्याच मंद वेगाने १४५ ते १५० लागू लागले. पल्ला साडेचारशेवरून तीनशेच्या खाली आला.

कारण साधे आहे, पण माहितीपत्रक वाचून ते लक्षात येत नाही. एसी किलोमीटरवर चालत नाही, तासावर चालतो. केबिन थंड ठेवायला आणि जोडीने बॅटरी थंड ठेवायला मिळून २ किलोवॅट लागत असतील, तर ताशी ८० ने जाताना किलोमीटरमागे २५ वॅट-तास पडतात आणि ताशी ४० ने जाताना ५०. जेथे रस्ता खराब, तेथे वेग कमी. जेथे वेग कमी, तेथे उन्हाचा भुर्दंड दुप्पट. शहराजवळच्या चांगल्या रस्त्यावरील माणसाला हा फरक कधी दिसणार नाही. आमच्यासारख्या खेड्यात मात्र मंद वेगाने हवेचा जो खर्च वाचतो तो उन्हाळ्यात एसीच्या रूपाने जवळजवळ सगळा परत द्यावा लागतो, आणि गावरस्त्यावरचा ४० चा वेग व महामार्गावरचा ८० चा वेग हे खर्चाच्या दृष्टीने एकाच पातळीवर येतात.

छोट्या फेऱ्यांची स्थिती याहून वाईट आहे. दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी थंड करण्यासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटे एसी ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक घेतो. आर्णीपर्यंतचे सात-आठ किलोमीटर तेवढ्याच वेळात संपतात, त्यामुळे त्या फेरीचा खर्च किलोमीटरला १८० च्या वर गेला. गाडी कडुलिंबाच्या दाट सावलीत ठेवली तेव्हा हा आकडा स्पष्टपणे उतरला. चार्जिंगची गन लावलेली असतानाच केबिन थंड करून घेतली तर ती वीज मीटरमधून जाते, बॅटरीतून जात नाही. लांबच्या प्रवासापूर्वी हे अवश्य करावे.

१८ मे २०२५

विद्यार्थ्यांनी विचारले की महामार्गावर एसीचा खर्च गणितापेक्षा थोडा कमी का दिसतो. उष्ण हवा विरळ असते. आमच्या उंचीवर डिसेंबरच्या पहाटे, १२ अंशांना, एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते, तर मे महिन्याच्या दुपारी ती १.०७ किलोच्या आसपास येते. हवेचा विरोध त्या प्रमाणात दहा टक्क्यांनी घटतो आणि एसीने घेतलेल्या विजेचा काही भाग येथे भरून निघतो. तापमानामुळे टायरमधील दाबही वाढतो आणि रबर मऊ होऊन रस्त्याचा विरोध किंचित कमी होतो. दुपारी गरम टायर मोजून हवा सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे, ती धोकादायक आहे. दाब सकाळी थंड टायरवरच मोजावा.

२९ जून २०२५

पाऊस लागला आणि वाराही. या काळात आपल्याकडे वारे प्रामुख्याने नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून वाहतात, आणि यवतमाळहून नागपूर ईशान्येला आहे. म्हणजे जाताना वारा पाठीशी आणि परतताना तोंडावर. ताशी २० किलोमीटरच्या तोंडावरच्या वाऱ्यात ८० चा वेग हवेच्या दृष्टीने १०० होतो आणि हवेचा खर्च ६० वरून ९४ वर जातो; पाठीशी असताना तो ३४ वर येतो. जाता-येता सरासरी ६४, म्हणजे एकूण प्रवासात फार बिघडत नाही. पण परतीच्या वाटेवर वारा आणि यवतमाळचा चढ दोन्ही एकाच वेळी समोर येतात, आणि त्यात रस्त्यावर साचलेले पाणी टायरने बाजूला सारण्याचा खर्च मिळतो. आजच्या परतीला ८० च्या वेगातही १७० लागले, जाताना १२५ लागले होते. एकेरी प्रवासावरून पल्ला ठरवणाऱ्याची पावसाळ्यात मोठी फसगत होईल.

२७ जुलै २०२५

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा. तीसएक किलोमीटरच्या चढात बॅटरीचे १७ ते १८ टक्के गेले आणि उतरताना दोन टक्केच लागले, कारण उतारावर मोटर जनरेटर होऊन वीज बॅटरीत परत भरते. जाऊन-येऊन सरासरी १३५ पडली. घाटाला घाबरण्याचे कारण नाही. मात्र वर मुक्कामी बॅटरी शंभर टक्के भरून उतरू नये. भरलेल्या बॅटरीत वीज परत घेता येत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

२४ ऑगस्ट २०२५

पूर्ण प्रवासाची चाचणी. गावातील एका आजींना नागपूरला नेत्रतपासणीसाठी न्यायचे होते, त्यामुळे ही फेरी खऱ्या कामाची झाली. पाच जण, एसी चालू, महामार्गावर वेग ८५. सकाळी शंभर टक्क्यांवर निघालो आणि नागपुरात पोहोचलो तेव्हा ३५ टक्क्यांच्या आसपास शिल्लक होते. गटातील वजाबाकीनुसार साठ टक्के उरायला हवे होते. ३५ टक्क्यांत परतीचे अर्धे अंतरच कापले गेले असते.

परतीसाठी साधारण ६७ टक्के आणि वर १५ टक्के राखीव, म्हणजे ८२ टक्क्यांवर निघणे भाग होते. पहिल्या ठिकाणचा जलद (डीसी) चार्जर बंद होता. दुसऱ्या ठिकाणी एक गाडी आधीच लावलेली होती, तिची वाट पाहिली आणि मग पाऊण तासात काम झाले. आजींची तपासणी चालू असताना हे उरकल्याने त्यांना खोळंबावे लागले नाही, हे समाधानाचे. चार्जिंग ८० टक्क्यांपर्यंत वेगाने होते आणि पुढे बॅटरी वाचवण्यासाठी गाडीच विजेचा वेग कमी करते, म्हणून प्रवासात शंभरचा हट्ट धरणे व्यर्थ आहे.

यातून महामार्गासाठी एक निराळा आकडा निघतो, जो कोणत्याही माहितीपत्रकात नाही. वाटेतल्या एका चार्जिंगपासून दुसऱ्यापर्यंत आपल्याला ८० ते १५ टक्के एवढीच बॅटरी वापरायला मिळते, म्हणजे आमच्या गाडीत २८ युनिट. ताशी १०० वेग आणि एसी धरून किलोमीटरला १८० वॅट-तास घेतले तर दोन चार्जरमधील सुरक्षित अंतर १५५ किलोमीटर येते. पावणेपाचशे छापलेल्या गाडीचे हे लांबच्या प्रवासातले खरे पाऊल आहे, आणि वाटेतला एखादा चार्जर बंद असेल हे गृहीत धरून ते आणखी आखडते घ्यावे लागते.

१४ सप्टेंबर २०२५

बैठकीत निष्कर्षांचा तक्ता मांडला. शंभर टक्क्यांवर निघून १५ टक्के राखून उतरायचे, असे धरून पल्ले काढले आहेत. गावरस्ता, हिवाळा, एसी बंद: ३८० किलोमीटर. गावरस्ता, मे महिना: २५०. महामार्ग ८० वर, एसी बंद: २८०. महामार्ग ९० वर, मे महिना: २१५. महामार्ग १०० वर, एसी चालू: २००. समृद्धीवर १२०, एसी चालू: १६०. बॅटरी जुनी होईल तशी तिची क्षमता घटते, म्हणून प्रत्येक आकड्यातून आणखी दहा टक्के वजा करून निर्णय घ्यावा, अशी सूचना मी केली. ज्यांना हे पल्ले फार कमी वाटले त्यांना मी तक्त्यातली पहिली ओळ पुन्हा दाखवली. आर्णी, दिग्रस, दारव्हा, महागाव या रोजच्या वापरात ही गाडी उत्तम आहे आणि डिझेलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चर्चा लांबली. एका ज्येष्ठ सभासदांनी मोठ्या बॅटरीच्या गाडीचा आग्रह धरला. त्यांच्यासाठी बीई ६ चे आकडे तपासले: ७९ किलोवॅट-तास आणि डब्ल्यूएलटीपीनुसार ५५० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला १४४ वॅट-तास. आमच्या ९० च्या वेगाला, उन्हाळ्यात, तिलाही १७० लागतील असे धरले आणि १५ टक्के राखले, तर ३९५ किलोमीटर होतात. नागपूर जाऊन-येऊन ३८० निघेल, पण बॅटरी जुनी झाल्यावर तेही निघणार नाही, आणि किंमत गटाच्या आवाक्याबाहेर जाते. जो प्रवास रुग्णालयातल्या चार तासांच्या मुक्कामाने आपोआप दोन भागांत विभागला जातो, त्यासाठी एवढी जास्तीची बॅटरी वर्षभर ओढत फिरणे मला पटत नाही.

शेवटी ४५ किलोवॅट-तासांच्या वर्गातील गाडी घेण्याचे ठरले. अटी अशा: ग्रामपंचायतीजवळ वेगळी वीजजोडणी आणि ७.२ किलोवॅटचा चार्जर आधी, गाडी नंतर. नागपूरच्या फेरीत ९० च्या वर वेग नाही. निघण्यापूर्वी नागपुरातील दोन आणि वर्ध्यातील एक चार्जर चालू असल्याची फोनवरून खात्री. परतीला ८२ टक्क्यांखाली निघायचे नाही, आणि पावसाळ्यात ९० टक्क्यांखाली नाही. रात्रीच्या तातडीच्या रुग्णासाठी बॅटरी कधीही ७० टक्क्यांखाली ठेवून गाडी उभी करायची नाही, ही अट आशाताईंनी सुचवली आणि सर्वांनी मान्य केली. वीजजोडणीचा अर्ज सोमवारी भरायचा असून मंजूर भाराचे गणित विद्यार्थ्यांनी तयार केले आहे.